जुन्या फॉरेस्टरला जाम घाट दाखवायचा होता – कामाच्या नोंदी

गाडी: शेव्हरोले फॉरेस्टर, 2006 ची नोंदणी, पेट्रोल, 1994 सीसी, हाताचे पाच गिअर, चारही चाकांना कायमची ओढ. घेतली तेव्हा काटा 1,12,380 वर. किंमत 2 लाख 30 हजार. मुक्काम रामबाग, इंदूर. जाम घाट म्हणजे महूच्या पुढे माळव्याच्या पठारावरून निमाडात उतरणारा रस्ता.

बॉनेटवर शेव्हरोले असलं तरी आतून ही गाडी सुबारू. त्या काळात शेव्हरोलेवाल्या जनरल मोटर्सचा सुबारू बनवणाऱ्या फुजी हेवीमध्ये 20 टक्के हिस्सा होता, म्हणून आपल्याकडे ती या नावाने आली. 2005 मध्ये हिस्सा विकला गेला आणि 2017 संपता संपता आपल्याकडची शेव्हरोलेची विक्रीच बंद झाली. आता दुकानात ‘फॉरेस्टर’ म्हटलं की काउंटरवरचा माणूस आधी ‘फोर्ड का?’ विचारतो. सुट्या भागांसाठी सुबारूचं नाव आणि भागाचा नंबर घेऊनच जा.

या नोंदी ज्यांच्या अंगणात अशीच एखादी गाडी उभी आहे त्यांच्यासाठी. मी मेकॅनिक नाही, बँकेत बसतो. रविवारचं काम आहे, म्हणून तारखा लांबलेल्या दिसतील.

4 फेब्रुवारी 2024, रविवार

भोपाळहून गाडी आणली. देवासमार्गे सरळ रस्ता, काही तक्रार नाही. शंभरच्या वेगाला गाडी रस्त्याला चिकटून चालते, इंजिनाचा आवाज शिलाई मशीनसारखा नाही, थोडा घोगरा. मालकाने वारंवार सांगितलं की पुढचे दोन टायर नवे आहेत, जेमतेम 1,100 किलोमीटर चाललेले. मी खूश. पैसे वाचले म्हणून खूश होतो, हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

रामबागेतल्या आमच्या गल्लीत वळताना पहिली शंका आली. स्टिअरिंग पूर्ण फिरवलं, पहिला गिअर, आणि गाडी कुणी हॅन्डब्रेक ओढल्यासारखी अडली. मग थडथड करत, दचके देत वळली. उतरून बघितलं, हॅन्डब्रेक खालीच होता.

11 फेब्रुवारी

छोट्या ग्वालटोलीत एका ओळखीच्या उस्तादांकडे नेली. त्यांनी बॉनेट उघडलं, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाले, “भिया, इसका इंजन तो लेटा हुआ है.” खरंच आहे. चार सिलिंडर दोन-दोन करून आडवे, समोरासमोर. प्लग दोन्ही बाजूंना, चॅसिसच्या अगदी कुशीत. प्लग काढायला त्यांच्या पोराला दोन तास लागले आणि त्याने मनगट सोलून घेतलं. ज्यांना हे काम करायचंय त्यांनी लहान एक्स्टेन्शन आणि सांध्याचा पाना आधी विकत घ्यावा, नंतर शिव्या घालू नयेत.

वळताना थडथड म्हणजे पुढचे सीव्ही जॉइंट, म्हणजे चाकाला ओढ देणाऱ्या शाफ्टचे सांधे, गेले, असं उस्ताद म्हणाले. मलाही पटलं. मारुतीत तसंच होतं ना.

25 फेब्रुवारी

दोन्ही पुढचे शाफ्ट बाहेरून नवे जॉइंट, नवे रबर बूट, ग्रीस घालून बसवले. 11,200 रुपये, दोन रविवार.

संध्याकाळी दशहरा मैदानावर नेली. पूर्ण स्टिअरिंग फिरवून डावीकडे चार गोल चकरा, उजवीकडे चार. लोण्यासारखी फिरली. घरी येताना पोहे-जलेबी घेतली, पोह्यांवर जिरावण मसाला जास्त टाकून. आई म्हणाली, “झाली का रे तुझी गाडी?” मी हो म्हटलं.

सोमवारी सकाळी बँकेच्या सिमेंटच्या पार्किंगमध्ये वळवली. तीच थडथड, तेच दचके. जुने जॉइंट मी जपून ठेवले होते. ते काढून बघितले तर एकातही खेळ नव्हता. 11,200 गेले ते गेले.

3 मार्च

आमच्या मागच्या खोलीत अण्णा राहतात. वय 71, महूच्या लष्करी वर्कशॉपमधून निवृत्त. मी त्यांना आधी विचारलं नाही, कारण ते आधी अर्धा तास लष्करातल्या जोंगा गाड्यांच्या गोष्टी सांगतात. आज ते स्वतःच बाहेर आले.

“मैदानावर चांगली आणि डांबरावर वाईट? मग माती तुला फसवून गेली.”

“म्हणजे?”

“अरे, मातीत चाक सरकतं. घर्षण कमी, म्हणून आतला ताण चाकाखालून निघून जातो. डांबरावर सरकायला जागा नाही, ताण आतच राहतो. टायर मोजलेस का?”

“चारही एकाच मापाचे आहेत अण्णा. बाजूवर लिहिलंय.”

“लिहिलेलं वाचायला नाही सांगितलं, मोजायला सांगितलं.”

त्यांनी घरातून शिवणाची टेप आणली, पण ती 60 इंची, टायरला पुरेना. मग सुतळी घेतली. गाडी जॅकवर घेऊन टायरच्या मधोमध सुतळी ताणून गुंडाळायची, टोक जुळेल तिथे पेनाने खूण, मग जमिनीवर सरळ करून स्टीलच्या टेपने मोजायची. अण्णांनी प्रत्येक चाक तीनदा मोजलं आणि आकडे कॅलेंडरच्या मागे लिहिले.

पुढचा डावा 2,093 मिलिमीटर, उजवा 2,092. मागचा डावा 2,061, उजवा 2,060.

बत्तीस मिलिमीटरचा फरक. पुढची नक्षी आठ मिलिमीटर खोल, मागची तीन. अण्णांनी तिथेच हिशोब केला: एका किलोमीटरला मागचं चाक पुढच्यापेक्षा सात फेरे जास्त मारतं. इंदूर ते महू पावणेदोनशे फेरे. साध्या पुढच्या ओढीच्या गाडीत याने काहीच बिघडत नाही, मागची चाकं मोकळी असतात. या गाडीत पुढचा आणि मागचा एक्सल मधल्या डिफरन्शियलने, म्हणजे फेऱ्यांतला फरक सांभाळणाऱ्या गिअरांच्या संचाने, बांधलेला. त्याच्याजवळ एक बंद डबी असते, आत पातळ चकत्या आणि सिलिकॉनचं घट्ट तेल. पुढच्या-मागच्या फेऱ्यांत फरक पडला की तेल तापतं, डबी आवळते आणि दोन्ही एक्सल एकत्र धरते. चिखलात एक चाक रिकामं फिरलं की हेच पाहिजे. पण सरळ, कोरड्या रस्त्यावर रात्रंदिवस फरक असेल तर डबी कायम तापलेली, कायम आवळलेली.

सुबारूचं सांगणं चारही टायरच्या घेरात पाव इंचाहून, म्हणजे साधारण सहा मिलिमीटरहून जास्त फरक नको, असं आहे. माझा त्याच्या पाचपट.

म्हणजे ज्या ‘नव्या टायरां’वर मी खूश होतो, तेच दुखणं.

10 मार्च

मागचे दोन टायर पुढच्यांच्याच कंपनीचे, त्याच मापाचे, त्याच नक्षीचे घेतले. 17,400 रुपये. दुकानदाराने ‘दुसऱ्या कंपनीचे घ्या, स्वस्त आहेत, माप तेच’ म्हणून आग्रह केला. घेऊ नका. एकाच मापाचे म्हणून लिहिलेले दोन कंपन्यांचे टायर सुतळीने मोजले तर सारखे भरतील याची खात्री नाही. बसवल्यावर चारही मोजले: सगळे 2,091 ते 2,093 मध्ये.

आता चाचणी सिमेंटवरच. गाडी थंड असताना थडथड गेली. बायपासवर चाळीस किलोमीटर फिरवून परत तिथेच आणली, तर थोडीशी आखडली. आधीच्या मानाने चार आणे. अण्णा म्हणाले, डबी आतून भाजली असणार. ते काम मोठं, म्हणून पुढे ढकललं. आधी टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्हची वेळ जुळवून ठेवणारा पट्टा, कारण तो कधी बदलला याचा कुठेच कागद नाही आणि एक लाखाचा टप्पा उलटून गेला आहे.

30 मार्च

रंगपंचमी. राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, सगळं शहर बंद. उस्ताद दिसणार नाहीत. गाडीवर जुनी चादर टाकली, तरी गुलाबी रंग काचेच्या खाचेत गेलाच.

7 एप्रिल

टायमिंग बेल्ट. संच 14,800 रुपये: पट्टा, तीन बेअरिंगच्या कप्प्या, पट्टा ताणून धरणारा टेन्शनर, पाण्याचा पंप. पंपही याच पट्ट्यावर फिरतो, म्हणून आत हात घातलाय तर तोही बदलायचा.

रेडिएटर आणि पंखे काढले की इंजिनासमोर बसायला जागा होते. आडव्या इंजिनाचा हा एक फायदा. बाकी सगळं तोंडावर गरम पाणी घेऊन.

पहिली चूक टेन्शनरची. त्याचा दांडा आत दाबून पिन घालून बसवतात. दांडा उभा ठेवून, शिकंज्यात अगदी सावकाश दाबायचा, काही मिनिटं घ्यायची. मला घाई, आडवा धरून भराभर दाबला. कडेने तेलाचा मणी आला. नवा कोरा टेन्शनर मेला. दुसरा मागवला, 6,500 रुपये आणि पाच दिवस.

9 एप्रिल

गुढीपाडवा. गाडीला हात लावायचा नाही, असा आईचा हुकूम. तसाही टेन्शनर आलेला नाही.

14 एप्रिल

आता दुसरी चूक, आणि ही नीट वाचा. ती मी एकट्याने केली आणि थोडक्यात निभावलो.

क्रँकच्या, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य शाफ्टच्या, कप्पीवर समोर एक ठळक बाण आहे. समोरून बघताना तोच डोळ्यात भरतो. मी तो बाण वर, बारा वाजताच्या जागी आणला, दोन्ही कॅमच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टच्या, खुणा जुळवल्या, पट्टा चढवला. सगळं सुंदर दिसत होतं. खरी खूण बाणाची नाहीच. कप्पीच्या मागच्या कडेला, सेन्सरच्या दातांजवळ एक बारीक खाच आहे. ती तेलाच्या पंपावरच्या रेघेशी जुळवायची. आरसा आणि टॉर्च घेतल्याशिवाय ती दिसत नाही आणि लाख किलोमीटरचा मळ तिच्यावर बसलेला असतो. बाण धरला की क्रँक पाव फेरा चुकतो.

सुदैवाने मी एक नियम पाळला: चावी लावण्याआधी 22 च्या गोटी-पान्याने क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचा. पाऊण फेऱ्यावर काहीतरी लागलं. धातूवर धातू, मऊ नाही, ठाम. माझ्या हातात दोन फूट लांब दांडा होता आणि जोर लावायचा मोहही होता. अण्णांनी लांबूनच ओरडून सांगितलं, “सोड! सोड म्हणतो ना!” सोडलं. ते लागणं म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनची भेट होती. स्टार्टर मारला असता तर व्हॉल्व्ह वाकून हेड उतरवावं लागलं असतं.

सगळं परत सोडलं. जुन्या टूथब्रशने कप्पी घासली, खाच सापडली, तिच्यावर आईचं पांढरं नेलपॉलिश लावलं. बरोबर जुळवल्यावर चारही पिस्टन मधोमध उभे राहतात, वरच्या टोकाला एकही नाही. म्हणूनच पट्टा चढवताना काही आपटत नाही. हे कळल्यावर ती खाच तिथेच का, तेही कळलं.

हाताने दोन फेरे, मोकळे. आणखी एक गोष्ट, कारण माझे तिथे दहा मिनिटं घाबरण्यात गेले: नव्या पट्ट्यावर पांढऱ्या रेघा असतात, त्या फक्त चढवताना कामाच्या. दोन फेऱ्यांनंतर त्या परत जुळत नाहीत. कप्प्यांवरच्या खुणा जुळल्या की झालं.

साडेपाचला चालू केली. एका झटक्यात. अण्णांनी चहा सांगितला आणि जोंगाची गोष्ट पूर्ण ऐकवली. या वेळी मी ऐकली.

28 एप्रिल

पहिला डोंगर. खंडवा रोडने सिमरोल, भेरूघाट उतरून बलवाड्याला चहा आणि परत. त्या रस्त्यावर तेव्हा चौपदरी आणि बोगद्यांचं काम चालू होतं, धूळ आणि डंपर. आनंद काही नाही, पण तापमानाची परीक्षा होते.

उतरताना ठीक. परत चढताना, अर्ध्या घाटात, काटा मध्यावरून सरकला. हीटर पूर्ण चालू केला, त्यातून थंड हवा आली. बाहेर 41 अंश आणि हीटरमधून थंड हवा, म्हणजे आत पाणी नाही, हवा आहे. बाजूला घेऊन चाळीस मिनिटं उभे. बायको सोबत होती. ती काही बोलली नाही. तिच्याजवळ पुस्तक होतं.

चूक माझीच: पंप बदलताना सात लिटरच्या जागी पाचच लिटर कूलंट गेलं होतं आणि ‘बाकी आत असेल’ म्हणून मी टोपण लावलं होतं.

13 मे

मतदानाची सुट्टी. सकाळी मत टाकून आलो आणि हवा काढली.

आडव्या इंजिनात हवा कोपऱ्यात दडते. माझ्या उपयोगी पडलं ते असं: गाडीचं नाक गल्लीच्या चढावर, वर आणखी पुढची चाकं फळ्यांवर. रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातला छोटा स्क्रू सैल. आधी वरच्या मोठ्या पाइपमधून थेट इंजिनात कूलंट ओतायचं, सावकाश, चहाच्या किटलीने. मग पाइप लावून रेडिएटर भरायचा. स्क्रूमधून बुडबुडे थांबून नुसती धार आली की स्क्रू घट्ट. हीटर पूर्ण, इंजिन चालू, पंखे दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबायचं. थंड झाल्यावर परत बघायचं. दोन लिटर आणखी गेलं. कूलंटचा खर्च 1,900.

बोटावर मतदानाची शाई, तिच्यावर हिरवं कूलंट.

26 मे ते 23 जून

मधला डिफरन्शियल. हे पटकन लिहितो, कारण यात वाट पाहणंच जास्त.

भंगारात निघालेल्या एका फॉरेस्टरचा भाग दुसऱ्या शहरातून मिळाला, 18,500. देवास नाक्यावर ट्रान्सपोर्टच्या गोदामातून पोतं उचलून आणलं, भाडं 1,350. उघडलं तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा निघाला. फोटो मागितला होता, पण पाठवलेल्या फोटोतला नंबर मी वाचला नव्हता. परत पाठवण्यात आणि बदली येण्यात तीन आठवडे गेले. परतीचं भाडं विक्रेत्याने दिलं, हे सांगितलं पाहिजे.

काम उस्तादांच्या लिफ्टवर. गिअरबॉक्स खाली उतरवावा लागत नाही. मागचा प्रोपेलर शाफ्ट, आडवा आधार आणि गिअरबॉक्सच्या शेपटीचं कव्हर काढलं की डिफरन्शियल हातात येतो. गिअर ऑइल आधी पूर्ण काढा. आम्ही ‘पूर्ण’ काढलं असं समजलो आणि उस्तादांच्या पोराच्या शर्टावर अर्धा लिटर गेलं. त्या तेलाला जळका वास होता.

जुना आणि नवा दोन्ही टेबलावर ठेवून पान्याने फिरवून बघितले. भंगारातला संक्रांतीच्या गुळाच्या पाकात चमचा फिरवावा तसा फिरला, जड पण एकसारखा. आमचा फिरलाच नाही. पाना वाकला असता. पुढच्या-मागच्या टायरचा बत्तीस मिलिमीटरचा फरक आतमध्ये जाऊन असा दिसतो.

जुने शिम, म्हणजे अंतर भरणाऱ्या पातळ चकत्या, जपून, त्याच जागी घालायचे. ॲल्युमिनियमच्या कव्हरचे बोल्ट जोरात आवळू नका. आमचा एक आटा गेलाच, त्यात आतली तार घालून नवा आटा करावा लागला. नवं गिअर ऑइल आणि मागच्या डिफरन्शियलचं मिळून 3,600. गिअर ऑइल तपासायला या गाडीत वेगळी पट्टी आहे, इंजिनाच्या पट्टीच्या मागे. उस्तादांनी वीस वर्षांत अशी पाहिली नव्हती. त्यांनी फोटो काढून घेतला. त्यांची आतापर्यंतची मजुरी एकत्र 5,000. कमी घेतली असं मला वाटतं. गाडी बघायला दुकानात रोज माणसं येत होती.

23 तारखेला पन्नास किलोमीटर तापवून बँकेच्या पार्किंगमध्ये नेली. रविवार, वॉचमन ओळखीचा. पूर्ण स्टिअरिंग, पहिला गिअर, ॲक्सिलरेटरवर पाय नाही. नुसती वळत राहिली. वॉचमनने विचारलं, साहेब काही हरवलं का?

7 जुलै

पाऊस लागला. दारांच्या काचांना वरची चौकट नाही, काच थेट छताच्या रबरावर टेकते. दिसायला देखणी, पण रबर वाळलं की शिट्टी वाजते आणि पाणी येतं. रबराला सिलिकॉन ग्रीस चोळलं, तीन दारं सुधारली. वायपर, पुढचे ब्रेक पॅड, ब्रेकचं तेल: 4,250.

आज एकूण मांडला. 84,500. त्यातले 17,700 निव्वळ घाईचे, म्हणजे चांगले सीव्ही बदलले ते आणि एक टेन्शनर मारला तो.

14 जुलै

जाम घाट. पहाटे पाचला निघालो, कारण पावसाळ्यातल्या रविवारी आठनंतर तिथे अर्धं इंदूर असतं. अण्णा पुढे, मांडीवर थर्मास. महू येताच ते सरळ बसले. आपल्या वर्कशॉपच्या दिशेला त्यांनी फक्त बोट दाखवलं.

महू सोडल्यावर रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना सोयाबीन, काळी माती टायरने रस्त्यावर आणलेली. ओल्या काळ्या मातीचा थर डांबरावर साबणासारखा. इथे पहिल्यांदा गाडीचं म्हणणं कळलं. साध्या गाडीत अशा जागी ॲक्सिलरेटर दिला की नाक बाहेर जातं. हिला वळणात तिसऱ्या गिअरमध्ये हलका, एकसारखा पाय ठेवला की मागून ढकललं जातं, पुढून ओढलं जातं, आणि नाक जिकडे दाखवलं तिकडेच जातं. धक्का नाही, नाटक नाही. ताकद म्हणाल तर 120 च्या आसपास घोडे, आजच्या छोट्या टर्बो गाड्या हिला चढावर मागे टाकतील. टाकू देत. इंजिन खाली आडवं असल्यामुळे वजन जमिनीलगत राहतं. स्प्रिंगा मऊ असल्याने गाडी कलते, पण कलून तिथेच स्थिर राहते.

“फार खूश होऊ नकोस,” अण्णा म्हणाले. “चार चाकं ओढतात म्हणून चार चाकं जास्त थांबवत नाहीत. ब्रेक सगळ्यांना चारच.”

जाम दरवाजाशी धुकं होतं. होळकरांच्या काळातला दगडी दरवाजा माळव्याच्या पठाराच्या अगदी ओठावर उभा. महेश्वरकडून वर येणाऱ्याला इथे माळवा लागायचा. धुक्यातून कमान आधी दिसत नाही, मग एकदम अंगावर येते. थांबलो नाही, आधी घाट उतरायचा होता.

उतार पूर्ण दुसऱ्या गिअरमध्ये. ब्रेकवर पाय फक्त वळणाआधी, वळणात नाही. एका उलट्या वळणावर सागाची पानं चिकटून बसलेली, समोरून निमाडकडची दुधाची पिकअप. ती भिंतीकडे, मी दरीकडे. पाय ॲक्सिलरेटरवरून पूर्ण काढला नाही, किंचित ठेवला, आणि गाडी पानांवरून रेघ न सोडता गेली. मला त्यावर बोलायचं होतं. अण्णा पिकअपवाल्याला हात करत होते.

खाली पोचल्यावर धुकं संपलं, हवा दमट आणि जड झाली, निमाडाची. काच उघडली. इंजिन आता गरम होऊन तो घोगरा, पळीने ताक घुसळल्यासारखा आवाज देत होतं. सुबारू हे जपानी नाव आपल्या कृत्तिकांचं, बिल्ल्यावर सहा तारे असतात. माझ्या गाडीवर ते नाहीत, शेव्हरोलेचा बिल्ला आहे. पण आवाज मात्र त्यांचाच, हे मी अण्णांना सांगितलं. त्यांनी थर्मास उघडला.

मंडलेश्वरला न जाता फिरलो, कारण मला चढ हवा होता. दुसरा, तिसरा, दुसरा. चार हजार फेऱ्यांच्या आसपास इंजिन मनापासून ओढतं, त्याखाली आळशी आहे. तापमानाचा काटा मध्यावर चिकटलेला. मी वळणांपेक्षा काट्याकडे जास्त बघत होतो, हे कबूल करतो. अर्ध्या घाटानंतर बघणं सोडून दिलं. उरलेला अर्धा घाट मात्र नीट चालवला.

वर दरवाजापाशी बाजूला पक्की मोकळी जागा आहे. सव्वासात वाजले होते, भुट्टेवाला नुकता कोळसा पेटवत होता. गाडी चांगली तापलेली. पूर्ण स्टिअरिंग फिरवलं, पहिला गिअर, पाय मोकळा. एक चक्कर, दुसरी, मग उलट्या बाजूला. टायरखाली ओल्या खडीचा आवाज, बाकी काही नाही. भुट्टेवाला बघत होता.

अण्णांनी गिअरच्या मागे, सीटांच्या मधल्या उंचवट्यावर तळहात ठेवला, थोडा वेळ तसाच. “कोमट,” म्हणाले. मग खाली उतरून चारही टायरना हात लावून आले आणि भुट्टा सांगितला. एक बिनतिखटाचा.

घरी काटा 1,14,026. पेट्रोल लिटरला साडेनऊ किलोमीटर. संध्याकाळी सुतळी काढून चारही मोजले: 2,091, 2,091, 2,090, 2,091. पुढची अदलाबदल 1,18,000 ला, पुढचे मागे, मागचे पुढे.

मागच्या डाव्या दाराची काच अजून गळते. थर्मासची पिशवी भिजली.